रानातला संसार

बेळगावच्या छावणीत १९२२ सालापासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, कोकणच्या खेड्यांतून आलेला रंगरूट येथे सैनिक होतो. त्याला कवायत व नेमबाजी शिकावी लागते हे सर्वांना ठाऊक असते; परंतु उघड्या माळावर मुक्काम कसा करावा, हेही त्याला शिकावे लागते.

खेड्यातल्या मुलाला रान नवे नाही, मग त्यात शिकवावयाचे ते काय, असे कोणी विचारील. एकटा गुराखी ओढ्याचे गढूळ पाणी प्याला, तर त्याचे त्यालाच भोगावे लागते. पलटणीत सुमारे ८०० माणसे असतात. तेथे एकाची हयगय सर्वांना बाधते.

म्हणून पहिला धडा पाण्याचा. ते नितळ दिसले तरी उकळून प्यावे, अथवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. ओढ्याच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली जनावरांचे, सर्वांत खाली अंघोळ आणि धुणे. शौचाचे चर पाण्यापासून व चुलीपासून दूर खणावेत, आणि दर वेळी त्यांत माती लोटावी, म्हणजे माश्या बसत नाहीत.

निवाऱ्याला मेणकापड व दोरी पुरते. कसोटी लागते ती जागेच्या निवडीत. कोरड्या ओढ्याचे पात्र सपाट व आडोशाचे असते, पण सह्याद्रीच्या पावसात ते पाहता पाहता भरते. पायांचीही तीच गोष्ट. ओले मोजे दिवसचे दिवस पायांत राहिले, तर पाय बधिर होऊन कातडी सडू लागते, आणि धडधाकट शिपाई दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे होतो.

या नियमांमागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याची जी माणसे दगावली, त्यांत शत्रूच्या शस्त्रापेक्षा रोगाने गेलेली कितीतरी अधिक होती. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातील कूत येथे तीन मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. ताज्या भाजीपाल्यावाचून हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले, ते मोर्चे फुटले म्हणून नव्हे, अन्न सरले म्हणून. शिपायाच्या अंगच्या कौशल्याने रिकामी कोठारे भरत नाहीत, हे खरे. पण फौज आधी शरीराने खचते, हे त्यातून दिसते.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. रंगरूट अग्निवीर झाला आणि त्याच्या शिक्षणाचा काळ आखडला. वेळ थोडा असला की साधे दिसणारे धडे आधी उरकले जातात. पाणी, पाय आणि चर यांचे धडे तसे उरकून चालणार नाही. नेम अचूक असून उपयोग काय, जर नेम धरणारा आजारी पडला असेल!