वारेतला बापाचा वाटा

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका काय जेवतात याची नोंद ठेवायला सुरुवात केली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात बाळं सरासरी २.७ किलोची भरली. पालेभाजी आणि फळं खाणाऱ्या आयांची बाळं जरा अंगाने बरी. मग २००६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदारांच्या पुढाकाराने ‘सरस’ प्रकल्प निघाला. दिवस जाण्याआधीपासूनच बायकांना पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ मिळू लागला. त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के दिसला, इतरांत १२.४. दोन्हीकडे ताट पाहिलं गेलं ते बाईचं. 

पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेचा अभ्यास मात्र बापाकडे केव्हाच पोचला होता. पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतं, नुसती वारेची फोडांसारखी वाढ असते. १९७७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की पूर्ण द्राक्षगर्भातली गुणसूत्रं बापाचीच असतात. १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानींनी उंदरांवर हेच ताडून पाहिलं: फक्त बापाची जनुकं असलेल्या गर्भात वारेचा भाग वाढला, गर्भ खुरटला, फक्त आईची असलेल्यात उलट. आईच्या पोटातली वार बापाच्या जनुकांवर इतकी अवलंबून असते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

मग बापाच्या जेवणाचं काय? २०१३ मध्ये मॅकगिल विद्यापीठात नर उंदरांना फोलेट कमी दिलं, तर पिल्लांत व्यंगं वाढली आणि वारेतल्या जनुकांचं काम बदललेलं आढळलं. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे, पण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, हे पक्कं. पुण्यात २०१२ पासून १९९३ च्या अभ्यासातल्या आयांच्या वयात आलेल्या मुलांना ‘ब-१२’ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा मुलींबरोबर मुलगेही घेतले. मला वाटतं, खरी कूस तिथे बदलली.

उरणजवळच्या करंजा या मच्छीमारांच्या गावाला बापाच्या जेवणाचा हा विचार कसा लागू पडेल? होड्या दिवसचे दिवस समुद्रात असतात. अंगणवाडीत वजन होतं ते बाईचं, लोहाच्या गोळ्या तिलाच. बाळ हलकं झालं की घरातही प्रश्न सुनेलाच: ‘नीट खाल्लं नाहीस का?’ हा अन्याय आता शास्त्रालाही धरून नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नाखवे-खलाशी गावातच असतात. त्यांचंही वजन करावं, रक्त तपासावं, तंबाखू सोडायला आणि पालेभाजी खायला सांगावं. बंदीचे ६१ दिवस शुक्रजंतूंच्या ७४ दिवसांना तेराने कमी पडतात, म्हणून सुरुवात मेच्या मध्यालाच करावी.