सहलीची तारीख तिथीला विचारा

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली विजयदुर्गला येतात. बस किल्ल्यापाशी थांबते आणि मुलं रांगेनं आत शिरतात. राजा भोज, 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला घेरिया म्हणजे हाच किल्ला, आंग्र्यांचं आरमार, सगळं तासा-दीड तासात कानावर पडतं. मग डबे उघडतात आणि बस देवगडच्या रस्त्याला लागते. तीन बाजूंनी ज्या समुद्रानं हा किल्ला राखला, त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. थांबलंच, तर नेमकी भरती असते आणि दिसतात त्या फक्त लाटा.

सहलीची तारीख सुट्टी आणि बस बघून ठरते, ती समुद्राला विचारून ठरायला हवी. त्याचं गणित कोकणातल्या मच्छीमारांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा, तृतीयेला सव्वादोन. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीत तेच दडलेलं आहे. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बंदरावर एकदा विचारून घ्यावं. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. सहलीला सोयीची तृतीया किंवा चतुर्थी: उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला खडक उघडे पडतात.

अशा सकाळी मुलांना घाई करू नये. खडकाला चिकटलेली कालवं बघायला वेळ लागतो. डबक्यातला एखादा शंख चालू लागतो आणि आत खेकडा राहतो हे कळतं. ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी असते. ती एका चिमुकल्या खेकड्याची. वाळूला लागलेलं खाद्य तो तोंडानं वेचून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. पुढची भरती ही नक्षी पुसते, पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामाला लागतो. हे दहा मिनिटं गप्प बसून पाहिलेलं मूल खेकड्याचा धडा विसरणार नाही.

पाणी चढू लागलं की वाघोटणच्या खाडीकडे वळावं. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावतात, कारण चिखलात हवा नसते. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. खाली पडतं ते रोप होऊनच. खारफुटीतल्याच पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्रानं राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. या झाडांच्या मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. वर आभाळात काकण, म्हणजे समुद्री गरुड, घिरट्या घालताना दिसला तर मुलांना मान वर करू द्यावी.

हिवाळ्यात सिंधुदुर्गाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. नर की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. घरटं आढळलं तर उकरू नये, वनखात्याला कळवावं. शिंपले, शंख खिशात घालून नेऊ नयेत. शंखातल्या खेकड्याला दुसरं घर नाही.

एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले 8 जण बुडाले. समुद्र बघायला न्यायचं आणि समुद्रात उतरवायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातला जाणता मच्छीमार बरोबर नसेल, तर मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

असा अभ्यास दुसरीकडे झालेला आहे. वेल्समध्ये डेल फोर्ट नावाचा एकोणिसाव्या शतकातला सागरी किल्ला आहे. 1947 मध्ये तिथं समुद्र-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं आणि विद्यार्थी ओहोटीच्या वेळा बघून खडकांवर उतरू लागले. विजयदुर्गला किल्ला आहे, खाडी आहे, शिकवू शकतील असे मच्छीमार आहेत. शिक्षकांनो, पुढच्या सहलीचा दिवस ठरवाल तेव्हा कालनिर्णयात लाल आकडा शोधण्याआधी तिथी बघा.