शेजारणीचा सण आणि आपली बैठक



आज मी एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. चूक माझीच आहे.

मागे एका वर्षी मार्चअखेरीला आमच्या एका गटाचं दप्तर मागे पडलं होतं. गट अकरा जणींचा. शुक्रवारी बँकेला सुट्टी होती, गुड फ्रायडेची. मला वाटलं, बरं झालं, बँकेत कोणालाच जायचं नाही, दुपारी तीनला सगळ्या मोकळ्या असतील. मी बैठक लावली. वर सकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र टाकून लिहिलं, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'.

बैठकीला दहा जणी आल्या. अकरावी आली नाही, आणि ती गटाची सचिव. वह्या तिच्याकडे. आम्ही तासभर वाट पाहिली आणि उठलो. नियमाप्रमाणे तिला वीस रुपये दंड लागला. पुढच्या बैठकीत तिने दंड भरला, सही केली, आणि म्हणाली, "माझ्या जागी दुसरी सचिव बघा."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती कॅथोलिक आहे, हे मला माहीत होतं. तिच्याकडचा नाताळचा फराळ मी दरवर्षी खाते. पण त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. तिने चहा टाकला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, दंडाचं काही नाही. गौरी जागवायला मी दरवर्षी तुमच्यात असते. तो शुक्रवार आमच्या दुःखाचा. येशू क्रूसावर गेला तो दिवस. दुपारी तीनची वेळ आम्ही त्याच्या मरणाची मानतो. तुम्ही त्याच वेळेला बैठक लावली आणि सकाळी शुभेच्छा पाठवल्या. सुतक असलेल्या घरी कोणी शुभेच्छा पाठवतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी वही काढली आणि तिलाच म्हटलं, तुमचं सगळं वर्ष मला सांग. त्या वहीतलं आज तुम्हाला सांगते. कारण आपल्या भागातल्या कितीतरी गटांत अशी एखादी-दुसरी सखी आहे.

आधी हे लोक कोण, ते बघू. कर्जत, नेरळ, खोपोली भागात रेल्वे, कारखाने, शाळा, दवाखाने यांच्या नोकऱ्यांमुळे ठिकठिकाणची ख्रिस्ती कुटुंबं आली आणि इथलीच झाली. कोणी मूळचं वसईचं, कोणी गोव्याचं, कोणी मंगळूरचं, कोणी केरळचं. माथेरानच्या डोंगरावरही कॅथोलिक चर्च आहे. आपल्या जिल्ह्यात हा समाज मात्र याहून जुना आहे. मुरूड तालुक्यातल्या कोर्लई गावाचं बघा. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे, माणसं हजाराच्या आत-बाहेर. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले. पण त्यांच्या आणि इथल्या बोलीच्या मिश्रणातून तयार झालेली भाषा त्या घरांतून अजून बोलली जाते. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. त्यांच्या चर्चचा सण १६ जुलैला, माउंट कार्मेलच्या मातेचा. इतका लहान समाज पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ आपली बोली टिकवतो, कारण आया ती मुलांशी घरात बोलतात.

मराठीशीही त्यांचं नातं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ओवीछंदात लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यामुळे 'तुम्हाला मराठी छान येतं हो' असं त्या सखीला म्हणायची गरज नाही.

आता त्यांचा कारभार कसा चालतो ते सांगते. एका चर्चभोवतीच्या कुटुंबांचा मिळून जो समाज होतो, त्याला 'धर्मग्राम' म्हणतात. त्याची जबाबदारी धर्मगुरूंकडे असते. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. आपला रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. म्हणजे आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी जशी उतरंड, तसंच काहीसं. दर रविवारी सगळे एकत्र येऊन जी उपासना करतात ती मिस्सा. पूर्वी ती लॅटिन भाषेत होई. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये धर्माध्यक्षांची मोठी सभा भरली होती. तिच्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. ज्या चर्चमध्ये चार प्रांतांची माणसं असतात, तिथे मिस्सा कोणत्या रविवारी कोणत्या भाषेत, हाही जमवून घ्यायचा विषय असतो.

पैशाचा हिशोबही धर्मगुरू एकटे बघत नाहीत. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती लागते. गरिबांच्या मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. ती १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. तिची एक पद्धत मला फार आवडली. बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकाने हात आत घालून जमेल ते टाकायचं. कोणी किती टाकलं हे कोणाला कळत नाही. आपली बचत वहीत सगळ्यांची सारखी लागते, ते बरोबरच आहे. पण एखादीच्या घरी अडचण आली आणि मदत गोळा करायची असेल, तर यादी वाचून दाखवण्यापेक्षा अशी पिशवी बरी.

लहान धर्मग्रामाची अडचण आपल्या गटासारखीच असते. माणसं मोजकी. शास्त्रपाठ वाचणारी एक, गाणं उचलून धरणाऱ्या दोन-तीन, फुलं आणि झाडलोट बघणारी एक. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये एखादी आली नाही तर कळत नाही. इथे जागा रिकामी दिसते. त्या शुक्रवारी आमच्या सचिवताईकडे मराठी वाचन होतं. ती बैठकीला आली असती, तर तिथे वाचायला दुसरं कोणी नव्हतं.

आता तारखा. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. पण ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि त्याचं गणित आपल्याला परकं नाही. तोही चंद्रावर आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कधीही येतो. त्याच्या आदला शुक्रवार तो गुड फ्रायडे. ईस्टरच्या आधी सेहेचाळीस दिवस राखेचा बुधवार येतो, तेव्हा कपाळाला राख लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात.

या काळात शुक्रवारी मांसाहार करत नाहीत. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला अठरा ते एकोणसाठ वयाची माणसं एकच पोटभर जेवण घेतात. त्या आठवड्यातल्या गुरुवारी धर्मगुरू लोकांचे पाय धुतात, कारण येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. आधी नियमाने फक्त पुरुषांचे पाय धुवायचे होते. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला, आता बायकांनाही त्यात बसता येतं. शुक्रवारी मिस्सा होत नाही, घंटा वाजत नाही, वेदीवर काही मांडलेलं नसतं. म्हणून त्या दिवशी शुभेच्छा देऊ नका. काही म्हणायचंच असेल तर 'आज तुमच्या प्रार्थनेत आम्हालाही आठवा' एवढं म्हणा. शुभेच्छा द्या रविवारी, ईस्टरला.

हा सगळा काळ नेमका फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे आपला मार्चअखेर, दप्तर तपासणी, कर्जाचे हप्ते यांच्या गर्दीत येतो. माझी चूक तिथेच झाली.

आता येणारे दिवस सांगते, वही असेल तर लिहून घ्या.

सध्या आपल्याकडे गौरी-गणपतीची लगबग. त्याच सुमारास ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिन असतो. त्याआधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी प्रार्थना. अनेक ठिकाणी लहान मुलं मरियामातेला फुलं वाहतात आणि नव्या पिकाला आशीर्वाद मागतात. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा तुम्हाला माहीत असेल, ती ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. तिथे नवसाला मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, आणि सगळ्या धर्मांचे लोक रांगेत असतात. त्या आठवड्यात एखादी सखी दादरला गाडी बदलून वांद्र्याला जाणार असेल, तर बैठक तिला विचारून ठरवा.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी घरोघर किंवा आळीपाळीने एकेका घरी जमून जपमाळेची प्रार्थना करतात. आपली आरती जशी वाडीतल्या घरोघर फिरते, तसंच. म्हणून मिश्र गटाची ऑक्टोबरची बैठक संध्याकाळी नको, दुपारी घ्या.

२ नोव्हेंबर हा मृतांच्या आठवणीचा दिवस. आपली सर्वपित्री आठवा म्हणजे त्या दिवसाचं महत्त्व कळेल. ख्रिस्ती लोक मृतांना पुरतात. त्या दिवशी दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात, धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. या दिवशी बँकेला सुट्टी नसते, म्हणून कॅलेंडर बघून हा दिवस कळणार नाही, तो विचारूनच कळेल. ज्या सखीच्या घरी त्या वर्षी मयत झालं असेल, तिच्याकडे हप्त्याचा तगादा त्या दिवशी तरी नको. झेंडू करणाऱ्या बायकांनी एखादी तोड राखून ठेवली, तर फुलांना तेव्हाही गिऱ्हाईक असतं.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. चर्चमध्ये दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. घरात फराळ सुरू होतो. त्यांच्या नेवऱ्या आपल्या करंज्यांच्या बहिणी, आणि कुलकुल म्हणजे काट्यावर किंवा फणीवर वळलेली शंकरपाळीच म्हणा. मुलं गोठा आणि गव्हाण करतात, त्यात बाळ येशूला ठेवतात. २४ डिसेंबरच्या रात्री मिस्सा, २५ ला सण. डिसेंबरची बैठक २० तारखेच्या आत उरका.

मग गटाने करायचं काय? आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीला विचारलं, तुझ्या घरचे न चुकणारे दिवस कोणते? कोणी गावची जत्रा सांगितली, कोणी उरूस, कोणी वारी, कोणी २ नोव्हेंबर. ते ठराव वहीच्या मागच्या पानावर लिहिले. दुसरी, त्या दिवसांना बैठक लावायची नाही, आणि चुकून लागलीच तर त्या सखीला दंड नाही, असा ठराव केला. तिसरी, सचिवाला मदतनीस नेमली, म्हणजे एकीच्या गैरहजेरीने दप्तर अडत नाही.

नियमित बैठक हे आपल्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र. ते सैल करा असं मी म्हणत नाही. बैठक नियमित व्हायची असेल तर ती सगळ्यांना येता येईल अशा दिवशी लागली पाहिजे, एवढंच म्हणते.

सचिवताईने नंतर राजीनामा मागे घेतला. वीस रुपये परत दिले तर तिने घेतले नाहीत. म्हणाली, "राहू दे वहीत. पुढच्या सचिवाने विचारलं, हा दंड कशाचा, तर तिला सांगता येईल." तो दंड अजून वहीत आहे. शेजारी लाल पेनाने मी लिहून ठेवलंय : चूक समन्वयकाची.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ते मागचं पान उघडा आणि एकेकीला विचारा.