ऐंशी मीटरच्या चौकटीतलं विमान

समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला आणि आमच्या भागातल्या परदेशवारीची वाट बदलली. मुलगी-जावई अमेरिकेत आहेत म्हटलं की पूर्वी रात्रीची ट्रॅव्हल्स, मुंबईत कुणाकडे तरी मुक्काम आणि मग सहार, हे ठरलेलं. आता काही मंडळी नागपूरकडे तोंड करतात. तिथून दोह्यापर्यंत छोटं विमान आणि दोह्याहून पुढे मोठं. वाट कोणतीही असो, घरातल्या थोरांचा एक प्रश्न हमखास असतो, ‘पुढचं विमान मोठं आहे ना?’ मोठं म्हणजे सुरक्षित आणि ऐसपैस, हा त्यामागचा हिशेब. विमान कंपन्यांनी मात्र गेल्या वीस वर्षांत सगळ्यात मोठ्या विमानाकडे पाठ फिरवली.

मोठं म्हणजे किती मोठं, ते आधी पाहू. दोन पूर्ण मजल्यांचं एअरबस ए-३८० हे जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान. उड्डाणावेळी त्याचं वजन ५७५ टनांपर्यंत भरतं आणि पंखांचं क्षेत्रफळ ८४५ चौरस मीटर आहे, म्हणजे आठ गुंठ्यांहून जास्त. त्याच्या खालोखाल ४४८ टनांचं चार इंजिनी बोइंग ७४७-८. मग दोनच इंजिनांची बोइंग ७७७-३००ईआर (३५१ टन) आणि एअरबस ए-३५०-१००० (सुमारे ३२० टन). गंमत अशी की लांबीत या चौघांत ए-३८० सगळ्यात आखूड आहे. ते ७२.७ मीटर, ७७७ आणि ए-३५० जवळपास ७४ मीटर आणि ७४७-८ तर ७६ मीटरच्या पुढे. ए-३८० वाढलं ते उंचीत आणि आडवं. आडवं किती वाढायचं हे मात्र विमान बनवणाऱ्यांच्या हातात नव्हतं.

विमानतळांची वर्गवारी विमानाच्या पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या रुंदीवर होते. ६५ मीटरच्या आतला एक वर्ग आणि ६५ ते ८० मीटरचा त्याच्या वरचा. ऐंशीच्या पुढे खानाच नाही. टॅक्सी-वे, दोन विमानांमधलं अंतर, विमान उभं करायची जागा, सगळं या चौकटीत आखलेलं असतं. ए-३८०चे पंख ७९.७५ मीटर आहेत. पाव मीटर राखून ते ऐंशीत बसवलेलं आहे!

इथेच त्याचं नशीब बरंचसं ठरलं. पंख जितका लांब आणि अरुंद, तितकी हवेत तरंगण्यासाठी मोजावी लागणारी इंधनाची किंमत कमी. ७७७-३००ईआरच्या पंखाची लांबी त्याच्या सरासरी रुंदीच्या नऊ पटींहून जास्त आहे, ए-३८०ची जेमतेम साडेसात पट. शिवाय पुढे याच पंखांवर आणखी लांब, जास्त आसनांचं भावंड बसवायचं असा बेत होता, म्हणून पंख आधीच दणकट आणि जड केले. ते भावंड जन्मालाच आलं नाही. थोरल्यासाठी शिवलेला अंगरखा धाकट्याला कायमचा घालावा लागला, तसं झालं. रिकाम्या विमानाचं वजन आसनांवर वाटलं तर ए-३८०मध्ये माणशी अर्ध्या टनाच्या पुढे लोखंड-लाकूड, म्हणजे खरं तर ॲल्युमिनियम आणि कार्बन, वाहून न्यावं लागतं. ए-३५०मध्ये तो वाटा शंभर किलोंच्या आसपास कमी होतो.

सुरक्षिततेचं म्हणाल तर मोठेपणाचा थेट फायदा काही नाही. मोठ्या विमानाला उलट जास्त सिद्ध करावं लागतं. २६ मार्च २००६ रोजी हॅम्बुर्गच्या एका अंधाऱ्या हँगरमध्ये ए-३८०ची परीक्षा झाली. निम्मे दरवाजे मुद्दाम बंद, कोणते ते आत कुणालाच ठाऊक नाही, वाटेत उशा-ब्लँकेटं टाकलेली, आणि ८५३ प्रवासी व २० कर्मचारी आत. नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडायला हवे होते. ७८ सेकंदांत पडले. एकाचा पाय मोडला, काहींना घसरगुंडीवर खरचटलं.

मुंबईनं मोठ्या विमानाचं वैभव आणि घात दोन्ही पाहिले आहेत. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, ७४७ ‘एम्परर अशोक’, १९७१ साली सांताक्रूझला उतरलं. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांच्या महिरपी रंगवलेल्या, वरच्या मजल्यावर बसायला लाउंज. तेच विमान १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईला जायला निघालं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण चुकीचं दाखवत होतं आणि बाहेर समुद्रावर अंधार होता. अशा वेळी विमान मोठं की छोटं याला काही अर्थ राहत नाही. एअर इंडियाच्या शेवटच्या काही ७४७ पैकी ‘आग्रा’ २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला गेलं ते मोडीत निघण्यासाठी.

मग चार इंजिनं हवीतच कशाला? जुना नियम असा, की दोन इंजिनांच्या विमानानं एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल अशा विमानतळाच्या आवाक्यातच राहायचं. त्यामुळे महासागर म्हटला की तीन-चार इंजिनं आलीच. १९८५मध्ये ही मर्यादा पहिल्यांदा दोन तासांवर गेली, पुढे तीन तासांवर. ए-३५०ला आज ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. इंजिनं तेवढी भरवशाची झाली, आणि केवढी झाली ते ७७७-३००ईआरच्या इंजिनासमोर उभं राहिल्यावरच कळतं. जनरल इलेक्ट्रिकच्या या जीई-९० इंजिनाचा पुढचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा आहे. उंच माणूस आत उभा राहिला तरी डोक्यावर दीड मीटर मोकळं. कार्बन फायबरची बावीस पाती नांगराच्या फाळासारखी सरळ नाहीत, एखाद्या शिल्पकारानं वळवल्यासारखी पिळलेली आहेत. पहिल्या जम्बोच्या अडीच इंजिनांचा जोर हे एकटं इंजिन लावतं. दोनच इंजिनं म्हणजे देखभाल निम्मी आणि इंधन कमी, आणि नेमका त्यातच कंपन्यांचा जीव अडकलेला असतो.

ही देखभाल आपल्या बाजूलाच होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. एअर इंडियानं २००५-०६मध्ये ६८ बोइंग विमानं मागवली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगनं नागपूरच्या मिहानमध्ये दुरुस्तीचं केंद्र उभारून दिलं. २०१५पासून तिथे ७७७ येतात, उघडली जातात, तपासली जातात आणि परत जातात. प्रवासी घेऊन मात्र तिथून जात नाहीत. शेजारीच टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७च्या केबिनच्या जमिनीखालच्या कार्बनच्या तुळया बनल्या. विदर्भानं लांब पल्ल्याच्या विमानांना हात लावला तो असा, पोटातून.

आता ए-३८०ची बाजू. ज्या शहरात धावपट्टीची टंचाई आहे तिथे एका फेरीत दुप्पट माणसं नेणारं विमान हवं, असा एअरबसचा तर्क होता, आणि मुंबई हे त्याचं अगदी पुस्तकी उदाहरण. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच वापरायची. भारतानं ए-३८०वरची बंदी २०१४च्या जानेवारीत उठवली आणि त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्स व एमिरेट्सची ही विमानं मुंबईत उतरू लागली. एमिरेट्सच्या काही ए-३८०मध्ये तर तब्बल ६१५ आसनं आहेत. पण दोन अडचणी आहेत. दुबईशी झालेल्या करारात कोटा फेऱ्यांचा नाही, आसनांचा आहे, आठवड्याला सुमारे ६६ हजार. विमान मोठं आणलं की कोटा तितक्याच लवकर संपतो. दुसरं, ए-३८०च्या पंखांमागे हवेचे भोवरे इतके जबर उठतात की मागून येणाऱ्या मध्यम आकाराच्या विमानाला सात सागरी मैल दूर ठेवावं लागतं. साध्या जड विमानामागे पाच पुरतात. धावपट्टीवर एका फेरीची जागा वाचवायला आलेला पाहुणा त्यातली काही जागा स्वतःच खाऊन टाकतो.

आणि मुख्य म्हणजे लोकांना मोठं विमान नको असतं, सोयीच्या वेळेचं हवं असतं. पाचशे आसनं रोज भरण्याएवढी गर्दी जगात मोजक्याच मार्गांवर आहे. तीनशे आसनांची दोन विमानं सकाळ-संध्याकाळ सोडली तर भाडंही बरं मिळतं आणि मंदीत एक बंद करता येतं. शेवटी २५१ ए-३८० विकली गेली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सनं घेतली, आणि डिसेंबर २०२१मध्ये शेवटचं विमान देऊन कारखाना थांबला. ७४७चं उत्पादनही संपलं, ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेलं शेवटचं विमान मालवाहू होतं.

बोइंगचं नवं ७७७-९ हा या सगळ्या धड्यांचा अर्क म्हणावा लागेल. पंख जवळजवळ ७२ मीटर, पण जमिनीवर आल्यावर दोन्ही टोकं साडेतीन-साडेतीन मीटर वर दुमडतात आणि रुंदी ६५च्या आत येते. हवेत लांब, फलाटावर आटोपशीर. एअर इंडियानं अशी दहा मागवली आहेत. पहिलं उड्डाण जानेवारी २०२०मध्ये झालं, पण पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडायला २०२७ उजाडेल असं बोइंगच सांगते, तेव्हा घाई नको.

तोवर तिकीट काढताना विमानाचा कोड पाहावा. ३८८ म्हणजे ए-३८०, ७७-डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ३५१ म्हणजे ए-३५०-१०००. ७७७मध्ये बहुतेक कंपन्या एका ओळीत दहा माणसं बसवतात. रुंदी ५.८६ मीटर, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटा वजा न करता माणशी ५९ सेंटिमीटर. ए-३५०मध्ये नऊ जणांना ५.६१ मीटर, माणशी ६२. ए-३८०च्या खालच्या मजल्यावर दहा जणांना साडेसहा मीटर, माणशी ६५. म्हणजे थोरांचा ऐसपैसचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. काही कंपन्या वरच्या मजल्यावरही थोडी इकॉनॉमी ठेवतात. तिथे ओळीत आठच जण आणि खिडकीशेजारी झाकणाचा कप्पा, ज्यात औषधांची पिशवी आणि गुडघ्याचा पट्टा हाताशी राहतो.