बी-२७५ चं घड्याळ आणि लगाम

जुनं इंजिन ‘थकलं’ असं आपण सहज म्हणतो. पण थकतं नेमकं काय? आमच्या शेतावरच्या १९७४ सालच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन गेल्या वर्षी उघडलं, तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. पिस्टन, लायनर, क्रँकशाफ्ट अजून कामाचे होते. झिजले होते ते वेळ पाळणारे आणि वेग आवरणारे भाग.

हा नुसता हौसेचा मामला नव्हता. आमचे काका ७२ वर्षांचे आहेत आणि सीहोरजवळची शेती अजून स्वतः बघतात. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा असला तरी इंजिनाचा वेग आपोआप चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. एकदा तर ते असं सुसाट सुटलं की काकांनी स्टॉपची दांडी ओढून कसंबसं थांबवलं. भंगारवाला किंमत सांगून गेला होता. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, “विका नाहीतर दुरुस्त करा, पण असा चालवायचा नाही.” घरातला एकुलता एक इंजिनिअर म्हणून काम माझ्याकडे आलं. मी भोपाळमध्ये सॉफ्टवेअर लिहितो, हा तपशील कोणी विचारात घेतला नाही!

या ट्रॅक्टरचं मूळ इंग्लंडमधलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी तिथे तो बनवत असे. १९६३ मध्ये तिने महिंद्रा आणि व्होल्टास यांच्यासोबत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ आपल्या मुंबईत, कांदिवलीला बनू लागला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद साधारण ३५ अश्वशक्ती.

मिस्त्री भेटले ते बुधनीला शिकलेले. भोपाळहून नर्मदापुरमला (पूर्वीच्या होशंगाबादला) जाताना नर्मदेच्या अलीकडे बुधनी लागतं. ट्रॅक्टर चालवण्या-दुरुस्त करण्याचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था तिथे १९५५ पासून आहे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “पहले हवा देखेंगे, गियर बाद में.”

हवा का, ते सांगतो. या इंजिनाचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. थ्रॉटल हलवला की हवा आत जाण्याच्या वाटेतली एक झडप उघडते किंवा मिटते. झडप मिटलेली असताना इंजिन जोरात फिरलं, तर तिथे पोकळी तयार होते. ती एका बारीक नळीतून डिझेल पंपाच्या टोकाला असलेल्या डबीत पोचते. डबीत डायफ्रॅम, म्हणजे चामड्याचा पातळ पडदा असतो. पोकळी त्याला एका बाजूला ओढते आणि डिझेल कमी होतं. स्प्रिंग दुसऱ्या बाजूला ढकलते आणि डिझेल वाढतं. या रस्सीखेचीतून वेग ठरतो.

आता पडदा फाटला किंवा नळी गळू लागली, तर पोकळी टिकत नाही. स्प्रिंग एकटीच जिंकते आणि इंजिनाला पूर्ण डिझेल मिळतं. काकांच्या बाबतीत झालं ते हेच. तपासणी अगदी सोपी निघाली. इंजिन बंद ठेवून स्टॉपची दांडी ओढायची, डबीचं नळीकडचं तोंड बोटाने घट्ट दाबायचं आणि दांडी सोडायची. पडदा चांगला असेल तर रॅक थोडा सरकून अडतो आणि मग सावकाश परततो. आमचा एका झटक्यात परत गेला. चामडं कडक होऊन कडेला चिरलं होतं. नवा पडदा काही शे रुपयांत मिळाला.

वेग चढत-पडत राहण्याला ‘हंटिंग’ म्हणतात. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहून, ते कधी स्थिर राहतात आणि कधी नाही, हे गणिताने मांडलं. बीईला कंट्रोल सिस्टिम शिकताना पाठ केलेली समीकरणं मला त्या डबीत पहिल्यांदा हाताला लागली.

मग टायमिंग. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप प्रत्येकी एकच फेरी घेतात. मधल्या आयडलर गिअरचा बुश झिजला होता, दातांत ढिलाई आली होती. त्यामुळे डिझेल उशिरा फवारलं जायचं. सकाळी सुरू होताना कुरकुर आणि पांढरा धूर यायचा तो त्यामुळेच. मिस्त्रींनी एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत, हे रॉकर हलवून पाहिलं. मगच गिअरवरच्या खुणा जुळवून नवा आयडलर बसवला. इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवल्यावर आयडलरवरच्या खुणा जुळेनात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री हसले. आयडलरच्या दातांचा हिशेब वेगळा असल्याने त्याच्या खुणा दर वेळी जुळत नाहीत. बसवताना जुळल्या, की झालं.

सगळा खर्च भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात भागला. या रब्बीत गव्हाची पेरणी त्याच ट्रॅक्टरने झाली, काकूंची हरकत न येता.

तुमच्याही गावाकडे असा एखादा ट्रॅक्टर उभा असेल, तर विकण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा आणि आधी गव्हर्नर, टायमिंग बघायला सांगा. आणि वेग आवरत नसेल, तर तोवर घरातल्या मोठ्यांना तो चालवू देऊ नका.