मोफत वकील नाकारला गेला, पुढे काय?

महाराष्ट्रात उत्पन्नाच्या निकषावर मोफत कायदेशीर मदत हवी असेल, तर वार्षिक मर्यादा ३ लाख रुपये आहे. महिन्याला पंचवीस हजारांपेक्षा थोडे जास्त कमावणारा रिक्षाचालक या रेषेच्या पलीकडे जातो. घरभाडे, मुलांची फी आणि औषधे भागवल्यावर वकिलाला द्यायला त्याच्या हाती काही उरत नाही. अर्ज नामंजूर झाला की असे कितीतरी लोक आपला हक्कच सोडून देतात. त्यामागे बहुतेकदा अपुरी माहिती असते. अशा माणसाला वाट दाखवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कार्यकर्ता असो, विधी स्वयंसेवक असो की शेजारी, पुढील गोष्टी जाणून घ्यायलाच हव्यात.

गैरसमज : उत्पन्न जास्त असेल तर मोफत वकील मिळतच नाही.

वस्तुस्थिती : उत्पन्न हा अनेक निकषांपैकी एक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा पगार मोठा आहे म्हणून एखाद्या बाईला परत पाठवले असेल, तर तो नकार कायद्याला धरून नाही. म्हणून अर्ज कोणत्या निकषाखाली केला होता, हे आधी तपासावे. चुकीच्या रकान्यात खूण झाल्याने नकार आला असेल, तर योग्य निकषाखाली नव्याने अर्ज करता येतो.

गैरसमज : प्राधिकरणाने नाही म्हटले की विषय संपला.

वस्तुस्थिती : नकाराविरुद्ध त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येते, २०१० च्या विनियमांत तशी तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. त्यासाठी नकाराचे कारण लेखी मागून घ्यावे. उत्पन्नाबाबत शंका असेल तर कलम १३ लक्षात ठेवावे : अविश्वासाचे कारण नसेल, तर अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. मात्र या काळात दाव्याची मुदत आपोआप थांबत नाही. ग्राहक तक्रारीला दोन वर्षे, उसनवारीच्या वसुलीला साधारण तीन वर्षे, जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाला ३० दिवस. मुदत संपण्याची तारीख पहिल्याच भेटीत कागदावर लिहून ठेवावी. अपील मंजूर झाले आणि मुदत मात्र निघून गेली, तर दावाच धोक्यात येतो.

गैरसमज : वकिलाशिवाय दाद मागताच येत नाही.

वस्तुस्थिती : ग्राहक आयोगापुढे तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वीज, पाणी, टपाल, दूरध्वनी, प्रवासी वाहतूक, विमा, रुग्णालय अशा सेवांच्या तंट्यांसाठी कायमस्वरूपी लोकअदालत आहे. तिची मर्यादा १ कोटी रुपये आहे. तडजोड झाली नाही तर ती गुणवत्तेवर निर्णयही देते. मात्र त्याआधी तो वाद न्यायालयात गेलेला नसावा. नेहमीची लोकअदालत वेगळी; तिथे जायला उत्पन्नाची अट नाही. प्रलंबित दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी.

गैरसमज : कोर्ट फी भरायला पैसे नसतील तर दावा दाखलच होत नाही.

वस्तुस्थिती : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन व्यक्ती म्हणून, आधी कोर्ट फी न भरता दावा करण्याची परवानगी मागता येते. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक कारणातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकील मिळाला नाही तरी या दोन्ही सवलती मागता येतात.

गैरसमज : वकील करायचा म्हणजे अख्ख्या खटल्याचे पैसे मोजायचे.

वस्तुस्थिती : काम टप्प्यांत वाटून घेता येते. सुरुवातीचा सल्ला टेलि-लॉच्या १४४५४ या क्रमांकावर विनामूल्य मिळतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार विधी महाविद्यालयांत कायदा मदत केंद्र असावे लागते. नोटिशीला उत्तर किंवा साधा अर्ज लिहिण्यासाठी तिथे विचारावे. वकिलाला फक्त मसुद्यासाठी किंवा एका अर्जासाठी किती घेणार, असे थेट विचारावे, त्यात संकोच नको. ठरलेली फी आणि हप्ते लेखी घ्यावेत. निकालातल्या रकमेची टक्केवारी फी म्हणून मागणे वकिलांना निषिद्ध आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असेल तर तिथे मध्यम उत्पन्न गटासाठी ठरावीक, माफक फीची वेगळी योजना आहे.

मोफत वकील नाकारताना समोरच्याला पुढची पायरी सांगणे हेही न्यायदानाचेच काम आहे. म्हणून मदत करणाऱ्याने चार गोष्टी लिहून त्या माणसाच्या हाती द्याव्यात : नकाराचे कारण, मुदतीची तारीख, कोणत्या आयोगात किंवा अदालतीत जायचे ते, आणि सल्ल्याचा क्रमांक. एवढे हातात असलेला माणूस हक्क सोडून घरी बसत नाही.