मोटारीची कांती आणि कासुर्डीची धूळ

उरुळी कांचन मागे टाकून पुणे–सोलापूर महामार्गाने यवतकडे निघालेल्या मोटारीवर कासुर्डीच्या शिवेत जी धूळ बसते, ती वरकरणी एकजिनसी भासली तरी तीत तीन भिन्न द्रव्यांची सरमिसळ असते: बेसाल्ट खडकाच्या झिजेतून निर्माण झालेली शेतातली माती, अवजड मालमोटारींच्या चाकांखाली भरडलेल्या खडीची कच, आणि दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून वाऱ्यावर उडून आलेली चिपाडाची राख. यांपैकी राख सर्वांत मऊ भासते आणि म्हणूनच सर्वांत फसवी ठरते. कारण ऊस जमिनीतून जी सिलिका शोषून घेतो, ती चिपाड जळाल्यावर कठीण कणांच्या रूपाने राखेतच शिल्लक राहते.

मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांवर पारदर्शक लेप, ज्यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, असे थर चढविलेले असतात. त्या सर्वांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याच्या आसपास. आणि डोळ्यांना दिसणारी झळाळी सर्वस्वी त्या वरच्या, जेमतेम ४०-५० मायक्रॉनांच्या लेपाच्या सपाटीवर अवलंबून. बेसाल्टमधील फेल्स्पारचे काठिण्य मोह्स यांच्या श्रेणीत ६ च्या आसपास, म्हणजे खिडकीच्या काचेहून किंचित अधिक. राळेपासून बनलेल्या लेपाचा त्यापुढे निभाव कसा लागावा?

तथापि नुसती बसलेली धूळ चरे पाडीत नाही. चरे पाडतो तो सकाळी घाईघाईने कोरडे फडके फिरविण्याचा, घरोघरी रूढ झालेला दस्तूर. फडक्याखाली सापडलेला कण पुढे ढकलला जातो आणि लेपावर केसाहून बारीक रेघ ओढीत जातो. असे चरे सर्व दिशांनी गेलेले असतात. परंतु उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ दिसते, याचे कारण इतकेच की, प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळविण्याजोगे जे चरे आडवे पडलेले असतात तेवढेच चमकतात. सावलीत निर्दोष वाटणारी काळी मोटार उन्हात आणताच जुनी दिसू लागते ती यामुळेच. आणि गेलेला लेप पॉलिशने परत येत नाही, पॉलिश तर उरलेल्या लेपाचाच अंश झिजवून सपाटी साधते.

म्हणून हात लावण्यापूर्वी पाणी, हा क्रम अनुल्लंघनीय समजावा. टपापासून खालपर्यंत पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत मोटारीचा शाम्पू व दुसरीत स्वच्छ पाणी घेऊन, मायक्रोफायबरचे फडके प्रत्येक भागानंतर दुसरीत खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. भांड्यांचा साबण मेणाचे संरक्षक आवरण उतरवितो, तो टाळावा. चाकांसाठी फडके निराळेच ठेवावे. बोअरचे पाणी जड असल्यास उन्हात वाळून त्याचे पांढरे डाग उमटतात. तेव्हा धुणे सावलीत करावे व पाणी वाळण्यापूर्वी, न घासता, कोरडे फडके पसरून टिपून घ्यावे. वैशाखात पाण्याचे दुर्भिक्ष असताना मोटार धुण्याचा आग्रह मुळीच नसावा. धूळ आठवडाभर तशीच राहिली तरी बिघडत नाही, पक्ष्याची विष्ठा मात्र तत्काळ भिजवून, मऊ करून काढावी. आणि धुताना हातातून निसटून मातीत पडलेले फडके, कितीही झटकले तरी, त्या दिवसापुरते बाजूलाच ठेवावे.